फुलसाइज .४५ पिस्तूल घ्यावं का? आधी हात मोजा, मग बोअर

९ मिमीचं आणि .४५ एसीपीचं (.४५ पिस्तुलात लागणारं) काडतूस शेजारी शेजारी उभं करून पाहा. पहिलं साधारण २९.७ मिलिमीटर उंच, दुसरं ३२.४. फरक तीन मिलिमीटरसुद्धा नाही. पण मॅगझिनमध्ये काडतुसं आडवी बसतात, त्यामुळे ही सगळी लांबी पिस्तुलाच्या मुठीत मागून पुढे जाते. काडतूस लांब की मूठ खोल, आणि मूठ खोल की ट्रिगर बोटापासून लांब. मोठ्या बोअरचं (म्हणजे नळीच्या मोठ्या व्यासाचं) पिस्तूल घेताना लोक गोळीच्या ताकदीवर तासन् तास बोलतात. पण निकाल बहुतेक वेळा या तीन मिलिमीटरवर लागतो.

हे सगळं अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी लिहिलं आहे. भारतात .४५ आणि ९ मिमी ही दोन्ही पिस्तुलं प्रतिबंधित बोअरची आहेत, सामान्य लायसन्सवर मिळत नाहीत. तिथला प्रश्न .३२ भोवती फिरतो. अमेरिकेतल्या मराठी माणसाने पहिली गोष्ट तपासायची ती स्वतःचा इमिग्रेशनचा दर्जा. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असताना बंदूक ताब्यात ठेवणं हा फेडरल गुन्हा आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर त्यातून सुटका नाही. रेंजवर भाड्याने घेतलेलं पिस्तूल हातात धरणंही ‘ताब्यात’ धरलं जाऊ शकतं, तेव्हा मित्राने बोलावलं तरी आधी वकिलाला विचारा. ग्रीन कार्डधारकांना आणि नागरिकांना हा अडसर नाही. राज्याचे नियम मात्र सगळ्यांनाच लागू, आणि त्यांचा बोअर निवडण्याशी थेट संबंध आहे. तो मुद्दा पुढे येईल.

ताकदीचा खरा हिशेब

बंदुकांचा अमेरिकन रचनाकार जॉन ब्राउनिंगने .४५ एसीपी काडतूस विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बनवलं. फिलिपिन्सच्या लढायांत .३८ रिव्हॉल्व्हर कमी पडल्याचा अनुभव सैन्याच्या पाठीशी होता. १९११ मध्ये अमेरिकन सैन्याने ब्राउनिंगचं पिस्तूल स्वीकारलं, त्या वर्षावरून त्याला ‘१९११’च म्हणतात, आणि १९८५ मध्ये ९ मिमीचं बेरेटा येईपर्यंत तेच मुख्य पिस्तूल राहिलं. एवढ्या दीर्घ सेवेमुळे ‘फोर्टीफाइव्ह म्हणजे एका गोळीत काम’ असा समज घट्ट बसला.

आकडे काही वेगळंच सांगतात. .४५ ची नेहमीची गोळी २३० ग्रेनची, म्हणजे जवळपास १५ ग्रॅम, आणि तिचा वेग सेकंदाला साधारण ८५० फूट. ९ मिमीची १२४ ग्रेनची, म्हणजे ८ ग्रॅमची गोळी ११५० फुटांनी गेली तर दोघींची ऊर्जा ५०० ज्यूलच्या आसपास, जवळजवळ सारखीच येते. खरी उडी हवी असेल तर ती १० मिमी ऑटोमध्ये आहे. १८० ग्रेन, १२०० फूट, साधारण ७८० ज्यूल.

मग .४५ चा फायदा कुठे? भोकात. गोळीचा व्यास ०.४५२ इंच, ९ मिमीचा ०.३५५. क्षेत्रफळात हा फरक सुमारे ६० टक्के पडतो. हॉलो पॉइंट (टोकाला पोकळी असलेली, आत शिरल्यावर फुलणारी) गोळी नीट फुलली तर दोन्ही बोअरच्या चांगल्या गोळ्या शरीराऐवजी वापरल्या जाणाऱ्या जिलेटिनच्या चाचणीत एफबीआयला हव्या असलेल्या १२ ते १८ इंच खोलीत थांबतात, आणि फरक आणखी कमी होतो. पण जाड जॅकेटच्या कापडाने गोळीचं तोंड बुजलं की ती फुलत नाही, साध्या गोळीसारखी आरपार निघते. अशा वेळी .४५ चं मूळ भोकच मोठं असतं. हा फायदा खरा आहे, पण मर्यादित आहे. नेम दोन इंच चुकला तर तो भरून निघत नाही.

एफबीआयने याची किंमत मोजली आहे. १९८६ च्या मायामीतल्या चकमकीत दोन एजंट मारले गेल्यावर संस्था १० मिमीकडे वळली. त्याचा झटका आणि आकार अनेकांना जड गेला म्हणून काडतुसातली दारू कमी केली. त्याच कमी ताकदीला छोट्या काडतुसात बसवून १९९० मध्ये .४० एस अँड डब्ल्यू आलं. २०१६ मध्ये एफबीआयचं कंत्राट पुन्हा ९ मिमीच्या ग्लॉकला मिळालं. वरच्या दर्जाचं प्रशिक्षण मिळणाऱ्या लोकांची ही वाट आहे. महिन्यातून एकदा रेंजवर जाणाऱ्याने ती दुर्लक्षू नये.

झटका: फुलसाइजपणा इथे कामाला येतो

गोळीचं वजन गुणिले वेग धरलं तर .४५ चा आवेग ९ मिमीपेक्षा सुमारे ३७ टक्के जास्त. सारख्याच वजनाच्या पिस्तुलात झटक्याची ऊर्जा त्याच्या वर्गात वाढते, म्हणजे जवळपास दुप्पट होते. आता वजन धरा. पाच इंची नळीचं पोलादी १९११ रिकामं असताना सुमारे १.१ किलो, ९ मिमीचं ग्लॉक १७ रिकाम्या मॅगझिनसकट सुमारे ७०० ग्रॅम. एवढ्या फरकाने तो दुप्पट झटका ढोबळ हिशेबात एक-पंचमांशाने जास्त इतकाच उरतो. म्हणून अनेकांना पोलादी १९११ मऊ वाटतं. हाताला फटका न बसता तळहात मागे ढकलल्यासारखं वाटतं. पॉलिमर (प्लॅस्टिक) फ्रेमचं .४५ ग्लॉक २१ रिकाम्या मॅगझिनसकट ८३० ग्रॅमच्या आसपास आहे, तिथे हा मऊपणा कमी होतो. आणि तीन-साडेतीन इंची नळीचं छोटं .४५ घेतलं तर मोठ्या बोअरचे सगळे तोटे पदरी पडतात आणि फायदे हातचे जातात. .४५ घ्यायचं ठरलं तर फुलसाइजच घ्यावं, हे आमचं ठाम मत.

आणखी एक गोष्ट .४५ च्या बाजूने. गोळी आवाजाच्या वेगाखालून जाते, त्यामुळे सप्रेसरवर (नळीला लावायच्या आवाज कमी करणाऱ्या नळकांड्यावर) ती निवांत चालते. सप्रेसर नसेल तर कानात प्लग आणि कानांवर मफ दोन्ही लावा. बंद रेंजवर कुठल्याही पिस्तुलाचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो.

मूठ बसते का: दुकानातली परीक्षा

विक्रेत्याला पिस्तूल उघडून दाखवायला सांगा, चेंबर रिकामं असल्याचं डोळ्यांनी आणि करंगळीने दोनदा तपासा. मग अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी मुठीच्या मागे जितकी वर जाईल तितकी वर बसवा. वरून बघा, नळी आणि मनगटापासून कोपरापर्यंतचं हाड एका रेषेत यायला हवं. मूठ न फिरवता तर्जनी ट्रिगरवर ठेवा. पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर यायला हवा, आणि बोट व फ्रेम यांच्यात थोडी फट दिसायला हवी. बोटाचं फक्त टोक पोहोचत असेल तर दाबताना ते ट्रिगरला तिरकं ढकलतं, आणि उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या डावीकडे जातात. पोहोचण्यासाठी मूठ फिरवली तर झटका हाडाऐवजी अंगठ्याच्या सांध्यावर येतो. शंभर गोळ्यांनंतर तो सांधा बोलू लागतो.

डबल स्टॅक (मॅगझिनमध्ये काडतुसांच्या दोन रांगा असलेल्या) .४५ ची मूठ जाड असते. ग्लॉक २१ मध्ये १३ काडतुसं, एफएनएक्स-४५ मध्ये १५. ग्लॉकची एसएफ (शॉर्ट फ्रेम) आवृत्ती आणि मूठ बदलता येणाऱ्या नव्या पिढ्या थोडा दिलासा देतात. छोट्या हातांना सिंगल स्टॅक (एकाच रांगेचं) १९११ जास्त मानवतं. मूठ सपाट आहे, आणि ट्रिगर आखूड किंवा लांब बसवून घेता येतो. त्याची किंमत म्हणजे फक्त सात-आठ काडतुसं.

इथे राज्याचा कायदा येतो. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स इथे मॅगझिनची मर्यादा १० आहे. टेक्साससारख्या राज्यात १९११ ची आठ विरुद्ध ग्लॉक १७ ची सतरा काडतुसं असा सामना असतो, न्यू जर्सीत आठ विरुद्ध दहा. म्हणजे .४५ चा सर्वांत मोठा तोटा तिथे जवळपास पुसला जातो. न्यू जर्सीत हॉलो पॉइंट गोळ्यांवरही निर्बंध आहेत, आणि कॅलिफोर्नियात विक्रेता राज्याच्या यादीतलीच नवी पिस्तुलं विकू शकतो. पैसे भरण्याआधी ते बघा.

रेंजवर मोजून बघा

‘छान वाटलं’ यावर निर्णय घेऊ नका. एकाच घडणीची दोन पिस्तुलं भाड्याने घ्या, उदाहरणार्थ ग्लॉक १७ आणि ग्लॉक २१, प्रत्येकी ५० काडतुसं. सात यार्डांवर १५ सेंटिमीटरचं कागदी वर्तुळ लावा. आधी पाच गोळ्या सावकाश. मग पाच गोळ्या, सगळ्या वर्तुळात राहतील इतक्या वेगाने, टायमर लावून. रेंजवर भराभर मारायला परवानगी नसेल तर सावकाश पण एकामागून एक मारा आणि गटाचा व्यास मोजा. असे चार फेरे करा, पिस्तुलं आलटून पालटून वापरा, आणि निर्णय शेवटच्या फेरीवर घ्या. दम लागलेला हातच खरं सांगतो. .४५ चा वेळ ९ मिमीपेक्षा पाव हिश्श्याहून जास्त लागत असेल, किंवा गोळ्या वर्तुळाबाहेर पडत असतील, तर उत्तर मिळालं.

दुसरी चाचणी दचकण्याची. सोबतीला मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत एक-दोन डमी (दारू नसलेली नकली) मिसळायला सांगा, कुठल्या क्रमाने ते तुम्हाला कळता कामा नये. डमी आली की नुसता ‘टक’ आवाज येतो, आणि त्या क्षणी नळीचं तोंड खाली डुबलं तर तुम्ही झटका येण्याआधीच त्याच्याशी झुंजत आहात. .४५ वर ही सवय लवकर लागते आणि उशिरा सुटते. ज्याच्या नळीचं तोंड दर वेळी डुबतं त्याने सहा महिने ९ मिमी किंवा .२२ वर घालवावेत.

खर्चही इथेच समोर येतो. .४५ ची सरावाची काडतुसं ९ मिमीच्या दीडपट किंवा त्याहून महाग पडतात. महिन्याचं बजेट ठरलेलं असेल तर तेवढ्या पैशांत २०० ऐवजी १३० गोळ्याच मिळतील. वर्षभरात हा फरक नेमात दिसतो. घरी रिलोडिंग करणाऱ्यांना (रिकाम्या केस पुन्हा भरणाऱ्यांना) .४५ मानवतं, कारण त्याचा दाब कमी असतो. कमाल २१,००० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच), ९ मिमीचा ३५,०००. त्यामुळे पितळी केस बराच काळ टिकते. फक्त एक सांभाळा. .४५ च्या केसला परंपरेने मोठा प्रायमर (केसच्या बुडाशी असलेली, दारू पेटवणारी टोपी) लागतो, पण काही कंपन्यांच्या केसमध्ये छोटा असतो. दोन्ही मिसळले की काडतुसं भरायचा प्रेस मध्येच अडकतो, म्हणून वेचतानाच वेगळे करा.

अंगावर बाळगायचं असेल तर

भरलेलं १९११ सव्वा किलोच्या पुढे जातं. साध्या पट्ट्यावर ते लोंबकळतं, होल्स्टर बाहेर झुकतं आणि शर्टाला फुगा येतो. जाड गन बेल्ट लागतोच. लोकांना वाटतं लांब नळी दिसते. नळी पँटमध्ये दडते, शर्टाखालून टोचते ती मूठ. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात पातळ शर्टाखाली डबल स्टॅक .४५ लपवणं म्हणजे रोजची कटकट. कटकट वाढली की माणूस पिस्तूल घरी ठेवू लागतो. घरासाठी, रेंजसाठी, स्पर्धेसाठी फुलसाइज .४५ उत्तम. रोज बाळगण्यासाठी ते थोड्यांनाच जमतं.

घरासाठी ठेवताना भिंतीचा विचार करा. अमेरिकन घरांतल्या ड्रायवॉलच्या भिंती पिस्तुलाची कुठलीही गोळी अडवत नाहीत. मुलांची खोली कुठल्या दिशेला आहे ते आधी ठरवा. साधी गोल टोकाची, न फुलणारी गोळी घरात भरून ठेवू नका. मुलं असोत वा नसोत, पिस्तूल फरशीला किंवा कपाटाला बोल्ट केलेल्या लॉकबॉक्समध्येच.

काय बिघडतं

पॉलिमर .४५ मध्ये मनगट ढिलं राहिलं तर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) पूर्ण मागे जात नाही आणि रिकामी केस बाहेर पडण्याच्या खिडकीत उभी अडकते. पिस्तूल बदलण्याआधी पकड तपासा. १९११ ची रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे ढकलणारी) पाच इंची नळीसाठी सहसा १६ पाउंडाची असते, दोन-तीन हजार गोळ्यांनंतर बदला. साफ करताना बुशिंग (नळीच्या तोंडाशी असलेलं कडं) फिरवाल तेव्हा त्याखालच्या स्प्रिंगच्या प्लगवर अंगठा घट्ट ठेवा आणि चष्मा लावा, नाहीतर स्प्रिंग प्लगला थेट डोळ्याकडे उडवते. स्लाइड स्टॉप (स्लाइड अडवणारा खटका) परत बसवताना घाई केली की फ्रेमवर कमानीसारखा ओरखडा पडतो. तो कायमचा राहतो आणि विकताना किंमत पाडतो.

जुनं १९११ घेत असाल तर स्लाइड काढून एक्स्ट्रॅक्टरच्या (केस बाहेर ओढणाऱ्या) आकड्याखाली डमी काडतूस सरकवा आणि स्लाइड हलकेच हलवा. काडतूस लगेच गळून पडलं तर आकड्याचा ताण गेलेला आहे, केस बाहेर निघण्यात अडचण येणार. ग्लॉकच्या मूळ नळीत उघड्या शिशाच्या गोळ्या वापरू नका. शिसं साचतं आणि दाब वाढतो.

भरवसा ठेवण्याआधी २०० साध्या गोळ्या आणि घरात ठेवणार त्याच हॉलो पॉइंटच्या निदान ५० गोळ्या मारा, प्रत्येक मॅगझिन आळीपाळीने वापरून. १९११ मूळ सात काडतुसांसाठी बनलं होतं, त्याच लांबीच्या आठ काडतुसांच्या मॅगझिनमध्ये स्प्रिंगला जागा कमी मिळते, म्हणून अडकण्याच्या तक्रारी तिथेच जास्त. मॅगझिनच्या तळाला रंगाने आकडे टाका आणि कुठलं किती वेळा अडकलं ते वहीत लिहा. दोनदा अडकलेलं मॅगझिन फक्त सरावासाठी वेगळं काढा.