फोनमध्ये पाणी गेलं तर आधी काय करायचं अन् वॉरंटीचं काय होतं

मागच्या ऑगस्टमध्ये ई-पीक पाहणीचे फोटो काढायला वावरात गेलो, पऱ्हाटीच्या मधोमध असताना पाण्यानं गाठलं, फोन शर्टाच्या वरच्या खिशात अन् अंगावर ना छत्री ना मेणकापड. घरी येईपर्यंत कॅमेऱ्याच्या काचेच्या आत धुकं. फोन चालू होता म्हणून मी बिनधास्त चार्जिंगला लावला, सकाळी उठून पाहतो तर बंद. फोन तेव्हा सात महिन्याचा होता.

फोन चालू दिसला तरी लगेच स्विच ऑफ करा, हे सगळ्यात आधी. पाणी आत असताना करंट फिरला की फोनच्या आतल्या बोर्डावरचं तांबं खराब व्हायला लागतं, हिरवा-पांढरा थर धरतो, अन् घाम, फवारणीचं औषध, कूलरच्या टाकीतलं बोअरचं पाणी यात क्षार असल्यानं हे अजून लवकर होतं. म्हणून चार्जर नाही, चालू होतो का ते बघणं नाही. कव्हर काढा, सिमचा ट्रे काढा, चार्जिंगचं तोंड खाली करून तळहातावर हळूच आपटा, सुती कपड्यानं पुसा अन् साध्या पंख्याखाली ठेवा. कीपॅडवाला फोन असेल तर बॅटरी काढून बाजूला. हेअर ड्रायर नको, चुलीजवळ नको, उन्हात पत्र्यावर तर बिलकुलच नको.

तांदळाच्या डब्यात ठेवायचं सगळेच सांगतात, आमच्या आईनंही ठेवला होता. पण बोर्डावर बसलेले क्षार तांदूळ काढत नाही, उलट कणी अन् भुसा पोर्टात जाऊन बसतो. ॲपलनं तर स्वतःच सांगून ठेवलंय की आयफोन तांदळात ठेवू नका.

आता वॉरंटी. साधी एक वर्षाची कंपनी वॉरंटी असते ती बनवण्यातल्या दोषाची, पाण्यानं झालेलं नुकसान त्यात सहसा येत नाही, हे धरूनच चला. आयपी ६८ (पाणी-धुळीपासून बचावाचा दर्जा) लिहिलेल्या महागड्या फोनलाही तेच, कारण ती टेस्ट गोड्या साध्या पाण्यात होते (त्याच्या खालच्या आयपी ६७ ला १ मीटर खोल, ३० मिनिटं) अन् फोन जुना झाला, एकदा जोरात पडला की आतलं रबर-गोंद पहिल्यासारखं राहत नाही. पाण्याचं नुकसान हवं असेल तर लिक्विड डॅमेजवाला वेगळा प्लॅन घ्यावा लागतो, तोही फोन घेतल्यावर ठरावीक दिवसांतच मिळतो. दुकानदार म्हणतो "सगळं कव्हर आहे भाऊ", तर त्याला कागदावर ती ओळ दाखवायला लावा.

पाणी गेलं हे सर्व्हिस सेंटरवाले ओळखतात कसे, तर आत एक छोटं पांढरं स्टिकर असतं, पाणी लागलं की लाल-गुलाबी होतं. आयफोनमध्ये सिम ट्रेच्या खाचेत टॉर्च मारला की दिसतं, बऱ्याच ॲन्ड्रॉइडमध्ये फोन खोलल्याशिवाय दिसत नाही. नुसत्या दमट हवेनं ते लाल होऊ नये अशीच त्याची बनावट असते. म्हणून फोन पाण्यात गेलाच नसेल अन् तरी "मॉइश्चर आहे, वॉरंटी नाही लागत" असं म्हणून राहिले असतील तर गुपचूप परत येऊ नका. ते स्टिकर समोर खोलून दाखवायला सांगा, फोटो काढा, अन् जॉबशीटवर (फोन जमा करताना सेंटर देतं तो कागद) कारण लेखी घ्या. मला तोंडीच सांगितलं होतं, मी ऐकून बसमध्ये बसलो, नंतर काही म्हणायला हातात कागदच नव्हता, याचं मला आजही वाईट वाटतं. सेंटरला देताना बिलाची झेरॉक्स न्या, आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख नंबर (*#०६# दाबा) जॉबशीटवर जुळतो का बघा, अन् फोन ओला नसेल अन् चालू असेल तर सातबारा-पासबुकाचे फोटो आधी दुसरीकडे पाठवून ठेवा.

गावातल्या मेकॅनिककडे न्यायचा का? वॉरंटीत असेल अन् पाणी गेलं नसेल तर नाही, एकदा बाहेर खोलला की वॉरंटी बहुतेक गेलीच. पण पाणी गेलं हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, वेगळा प्लॅनही नाही, तर मग तालुक्याला त्याच दिवशी न्या, चार दिवस वाट पाहू नका. आयपीए म्हणजे आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं बोर्ड धुतो का ते विचारा, नुसती हीट गन मारणाऱ्याकडे देऊ नका.

उन्हाळ्यात फोन कूलरसमोरच्या खिडकीत ठेवायची सवय असते ती सोडा, तुषार सरळ पोर्टात जातात. वावरात जाताना पन्नीत घट्ट बांधून न्या. अन् "चार्जिंग पोर्टात ओलावा" असा मेसेज आला तर फुंकर मारू नका, तोंडाची वाफ आत जाते, पंख्याखाली ठेवा, पूर्ण सुकायला कधी कधी दिवसभरही लागतो.

चुकीनं नाकारलंय असं वाटत असेल तर आधी कंपनीला ईमेल, मग १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन, फोन फुकट लागतो अन् मराठीत बोलता येतं. तिथंही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखापर्यंतच्या वस्तूला फी नाही, मुदत २ वर्षं. तिथं ते जॉबशीट, बिल अन् स्टिकरचा फोटो लागतो.