विद्यापीठावरच्या विकिपीडिया लेखात काय ठेवायचं, काय काढायचं

विद्यापीठावरचा लेख हातात घेणारा माणूस बहुधा तिथे शिकलेला असतो, तिथे नोकरीला असतो, नाहीतर तिथल्या कुणावर तरी चिडलेला असतो. म्हणूनच यातले बरेच लेख प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेसारखे वाटतात, आणि उरलेले तक्रार अर्जासारखे. त्यात "भरपूर माहिती टाका, लेख आपोआप चांगला होतो" असा सल्ला जिकडेतिकडे मिळतो. तो साफ चुकीचा आहे. विद्यापीठाबद्दल माहितीचा तुटवडा कधीच नसतो, अडतं ते निवडीपाशी. खातं उघडणं, संदर्भ जोडणं, माहितीचौकट (लेखाच्या कडेला असलेला ठळक माहितीचा तक्ता) भरणं तुम्हाला येतं असं धरून थेट निवडीकडे वळतो.

१. संदर्भांचे दोन ढीग करा

एका ढिगात विद्यापीठाने स्वतःबद्दल लिहिलेलं सगळं: संकेतस्थळ, वार्षिक अहवाल, गौरवग्रंथ, प्रसिद्धीपत्रकं. प्रसिद्धीपत्रक जसंच्या तसं छापलेली बातमीही याच ढिगात, मग ती कितीही मोठ्या वृत्तपत्रात आलेली असो. दुसऱ्या ढिगात बाहेरच्यांनी आपणहून लिहिलेलं: इतिहासाची पुस्तकं, शोधनिबंध, वार्ताहरांनी स्वतः केलेलं वार्तांकन.

पहिल्या ढिगातून फक्त कोरडी माहिती उचला. कुलगुरू कोण, विद्याशाखा किती, विद्यार्थी किती. लेखात कोणता विषय येणार आणि त्याला किती जागा मिळणार, हे मात्र दुसऱ्या ढिगाने ठरवायचं. विद्यापीठाला एखाद्या गोष्टीचा कितीही अभिमान असो, बाहेरच्या एकालाही त्यावर लिहावंसं वाटलं नसेल तर तिला परिच्छेद मिळत नाही.

आकडा देताना वर्ष द्या. आणि तो आकडा नेमका कशाचा, तेही लिहा. १८५७ साली स्थापन झालेली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही विद्यापीठं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, मुख्यतः परीक्षा घेऊन पदव्या देण्यासाठी निघाली. शिकवणं संलग्न महाविद्यालयांत चालायचं. अशा रचनेच्या विद्यापीठाची विद्यार्थिसंख्या लिहिताना संलग्न महाविद्यालयांतले विद्यार्थी धरलेत की नाहीत हे सांगितलं नाही, तर त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

२. झाडलोट

अभ्यासक्रमांच्या याद्या, शुल्क, प्रवेशाच्या तारखा, दूरध्वनी क्रमांक, विभागप्रमुखांची नावं, वसतिगृहाचे नियम, 'आमची उद्दिष्टं', कुलगुरूंचा संदेश: सगळं काढा. संकेतस्थळावरून उचलून चिकटवलेला मजकूर तर विचारही न करता काढा, तो प्रताधिकाराचा भंग असतो.

३. स्थापनेचं वर्ष

एक ओळ, एक आकडा, आणि तरीही यावरून महिनोन्‌महिने संपादनयुद्धं (एकमेकांचे बदल पुन्हापुन्हा उलटवणं) चालतात. माहितीचौकटीत वर्षासाठी रकाना आहे म्हणून इतिहासाने एक वर्ष द्यायलाच हवं, असं नाही. बोलोन्या विद्यापीठाचं १०८८ हे वर्ष एकोणिसाव्या शतकात एका समितीने ठरवलं, आणि मग १८८८ साली आठशेवा वाढदिवस थाटात साजरा झाला. ऑक्सफर्डला तर स्थापनेची नेमकी तारीखच नाही. तिथे १०९६ च्या सुमारास काही ना काही अध्यापन चालू होतं आणि ११६७ नंतर ते झपाट्याने वाढलं, इतकंच सांगता येतं. मोरोक्कोतल्या अल्‌ करावीयीनची सुरुवात ८५९ सालच्या मशिदीपासून मोजली जाते, पण आधुनिक सरकारी विद्यापीठ म्हणून ते १९६३ साली उभं राहिलं. त्याला 'जगातलं सर्वांत जुनं विद्यापीठ' म्हणायचं की नाही, हे विद्यापीठ कशाला म्हणायचं यावर अवलंबून आहे, आणि त्याबद्दल इतिहासकारांचं एकमत नाही.

अशा ठिकाणी चौकटीत विद्यापीठ स्वतः सांगतं ते वर्ष द्या, आणि त्यामागची भानगड इतिहासाच्या विभागात दोन-तीन वाक्यांत सांगा. 'सर्वांत जुनं' हे शब्द स्वतःच्या जबाबदारीवर कधीही लिहू नका.

४. माणसं

माजी विद्यार्थ्यांच्या यादीत नाव यायचं तर दोन गोष्टी हव्यात: त्या व्यक्तीवर स्वतंत्र लेख असावा (किंवा होण्याजोगं काम असावं), आणि ती तिथे शिकल्याचा संदर्भ असावा. स्वतःचं नाव घालून जाणारे रोज भेटतात. ते निमूटपणे काढून पुढे जा. मानद पदवी मिळाली म्हणून कुणी माजी विद्यार्थी होत नाही. पदवी न घेता बाहेर पडलेला मात्र होऊ शकतो. बिल गेट्स यांनी हार्वर्ड अर्ध्यावर सोडलं, पण हार्वर्डच्या संदर्भात त्यांचं नाव यायला हरकत नाही. फक्त पदवी घेतली नाही हे लिहा.

नोबेल विजेत्यांच्या संख्येबद्दल सावध राहा. एक सत्र शिकवून गेलेला पाहुणा प्राध्यापकही 'आमचा' म्हणून मोजला जातो. आइन्स्टाइन यांच्याबाबत हे हमखास घडतं. ते प्रिन्स्टन गावी राहिले, विद्यापीठाच्या इमारतीत काही वर्षं त्यांचं कार्यालयही होतं, पण नोकरी होती ती इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडीत, आणि ती संस्था प्रिन्स्टन विद्यापीठापासून वेगळी आहे. १९२१ चं नोबेल त्यांना मिळालं तेव्हा ते बर्लिनमध्ये नोकरीला होते. मग या एका पारितोषिकावर किती विद्यापीठांनी हक्क सांगायचा? माझं मत विचाराल तर एकूण संख्या देऊच नये. पारितोषिक मिळालं त्या काळात तिथे काम करणारे कोण आणि तिथे शिकलेले कोण, एवढं वेगवेगळं सांगावं.

५. क्रमवारी आणि कौतुक

'नामांकित', 'अग्रगण्य', 'प्रतिष्ठित' हे शब्द पुसून टाका. ज्या विद्यापीठाला ते खरोखर लागू पडतात, त्याच्या लेखात त्यांची गरज नसते.

क्रमवारी द्यायची तर सोयीची एकच देऊ नका. शांघायची क्रमवारी २००३ पासून निघते आणि तिच्यात ३० टक्के गुण निव्वळ नोबेल आणि (गणितातल्या) फील्ड्स पदकांवर जातात, तर क्यूएस या ब्रिटिश कंपनीच्या क्रमवारीत प्राध्यापकांमध्ये घेतलेल्या मतचाचणीला मोठं वजन असतं. एकच विद्यापीठ एकीकडे वर आणि दुसरीकडे बरंच खाली दिसतं ते यामुळे. दोन-तीन क्रमवाऱ्या, त्यांचं वर्ष, बस. दहा वर्षांचे चढउतार दाखवणारा तक्ता कुणी वाचत नाही.

६. वाद: इथे घाई करू नका

मलाही बराच काळ अडखळायला झालं ते याच पायरीवर. इथे दोन टोकांचे सल्ले मिळतात आणि दोन्ही वाईट आहेत. पहिला: "संदर्भ आहे ना, मग घालायचंच." दुसरा: "ज्ञानकोशात नकारात्मक काही नको." पहिल्याने लेख बातम्यांच्या कात्रणांची वही होतो आणि दुसऱ्याने जाहिरात.

संदर्भ असणं ही आत शिरायची किमान अट आहे, त्याने जागा राखून ठेवली जात नाही. मोठ्या विद्यापीठात दर आठवड्याला बातमी होईल असं काहीतरी घडतच असतं. पेपर फुटतो, शुल्कवाढीविरुद्ध मोर्चा निघतो, एखाद्या वक्त्याचा कार्यक्रम रद्द होतो. प्रत्येकाला संदर्भ मिळतो. सगळं घातलं तर गेल्या दोन वर्षांच्या गोष्टी शतकभराच्या इतिहासापेक्षा जास्त जागा खातात.

मी सगळ्यात आधी पाहतो ते हे, की बातमी थंडावल्यावर कुणी त्यावर पुन्हा लिहिलं का. चार दिवसांत वीस वृत्तपत्रांनी छापलेली घटना माझ्या लेखी हलकी, आणि पाच वर्षांनी एखाद्या पुस्तकात सविस्तर आलेली घटना जड. म्हणून ताज्या घटनेबद्दल माझा सल्ला ठाम आहे: थांबा. ज्ञानकोशाला उशीर झाल्याने कुणाचं काही अडत नाही. चर्चा पानावर (लेखाला जोडलेलं, संपादकांनी आपसांत बोलण्याचं पान) संदर्भ नोंदवून ठेवा आणि काही महिन्यांनी परत या. बऱ्याचदा तोवर प्रश्न आपोआप सुटलेला असतो.

मग पाहायचं, विद्यापीठ या घटनेत कर्ता आहे की नुसतं ठिकाण. आवारात चोरी झाली, माजी विद्यार्थ्याला अटक झाली, एखाद्या प्राध्यापकाने समाजमाध्यमावर काही वेडंवाकडं लिहिलं: यात बहुतेक वेळा विद्यापीठ हे फक्त पत्त्यापुरतं असतं. पण तक्रार आल्यावर प्रशासनाने ती दडपली, असं चौकशीत सिद्ध झालं, तर गोष्ट बदलली. आता ती संस्थेबद्दलची झाली.

आणि त्या घटनेने मागे काय सोडलं? कायदा बदलला, नियम बदलले, नाव बदललं, संस्थेकडे पाहण्याची नजर बदलली? अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठात ४ मे १९७० रोजी नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाच्या गोळीबारात चार विद्यार्थी मारले गेले. ते वगळून त्या विद्यापीठाचा इतिहास लिहिताच येणार नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ साली झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी. मधली सोळा वर्षं म्हणजे त्या विद्यापीठाचा गाभ्याचा इतिहास आहे, त्याला 'वाद' म्हणून तळाशी ढकलणं अडाणीपणाचं होईल. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदव्या द्यायला १९४८ साल उजाडलं, आणि स्त्रियांसाठीचं गर्टन कॉलेज तर १८६९ पासून होतं. ही प्रतिमेला बाधा आणणारी गोष्ट म्हणून कुणी काढू पाहील. काढू देऊ नका.

कोलंबिया विद्यापीठाचं २०२२ मधलं प्रकरण या सगळ्या प्रश्नांना उतरतं. तिथल्याच गणिताच्या एका प्राध्यापकाने दाखवून दिलं की 'यू. एस. न्यूज' या अमेरिकी प्रकाशनाच्या क्रमवारीसाठी विद्यापीठाने पुरवलेली आकडेवारी जुळत नाही. काही आकडे चुकीचे होते हे विद्यापीठाने मान्य केलं, क्रमांक २ वरून १८ वर घसरला आणि पुढच्या वर्षी विद्यापीठाने त्या क्रमवारीला आकडेवारी न पुरवण्याचं जाहीर केलं. इथे कर्ता विद्यापीठ आहे, परिणाम नोंदण्याजोगा आहे, आणि नंतरही त्यावर लिहिलं गेलं. तरी जागा किती? दोन-तीन वाक्यं. १७५४ पासून चालत आलेल्या संस्थेच्या लेखात याला याहून जास्त देणं म्हणजे प्रमाण सुटणं.

प्रमाणाचा दुसरा पैलू २०१९ च्या अमेरिकी प्रवेश घोटाळ्यात दिसतो. लाच देऊन मुलांना प्रवेश मिळवून देण्याच्या या प्रकरणात अनेक विद्यापीठांची नावं आली. घोटाळ्यावर स्वतंत्र लेख आहे, तपशील तिथे. ज्या विद्यापीठाचे अनेक कर्मचारी अडकले त्याच्या लेखात थोडी जास्त जागा, जिथे एकच क्रीडा प्रशिक्षक होता तिथे एक वाक्य आणि दुवा. सगळीकडे तोच परिच्छेद चिकटवत सुटणारे संपादक असतात. त्यांच्या मागून साफसफाई करावी लागते.

'वाद' नावाचा वेगळा विभाग करूच नका, यावर मी तडजोड करत नाही. असा विभाग चुंबकासारखा असतो, जो येतो तो आपली तक्रार त्याला चिकटवून जातो. नामांतर इतिहासात जाईल, आकडेवारीचं प्रकरण क्रमवारीच्या परिच्छेदात, प्रवेशातला घोळ प्रवेशाच्या माहितीशेजारी. योग्य जागा सापडत नसेल, तर बहुधा ती घटना लेखात बसतच नाही.

जिवंत व्यक्तींची नावं हा तर निखारा आहे. आरोप झाला आणि निकाल लागला नाही, अशा वेळी खासगी व्यक्तीचं नाव विद्यापीठाच्या लेखात घालू नका. पीडित विद्यार्थ्यांचं तर नाहीच नाही. 'एका प्राध्यापकावर' एवढ्याने वाचकाचं काम भागतं.

७. प्रस्तावना सगळ्यात शेवटी

खालचा लेख तयार झाल्यावर त्याचं सार तीन-चार परिच्छेदांत. जे खाली नाही ते वर येणार नाही.

८. मग माणसं येतात

नवं खातं उघडून कुणीतरी संदर्भ दिलेली वाक्यं उडवतं आणि जागी 'उत्कृष्टतेची परंपरा' आणतं. बहुधा जनसंपर्क विभागातलं असतं. भांडू नका. पूर्वपदावर आणा, चर्चा पानावर कारण लिहा आणि त्यांना सांगा की पगारी संपादन जाहीर करणं २०१४ पासून वापराच्या अटींतच आहे. त्यांनी दाखवलेली खरी चूक (जुना आकडा, बदललेलं नाव) लगेच दुरुस्त करा. चिडलेल्या विद्यार्थ्यालाही हीच वागणूक द्या: तक्रार खरी असेल, पण तिच्यावर अजून बाहेरचं कुणी लिहिलेलं नाही, हे त्याला एकदा नीट समजावून सांगा.

आणि तुम्ही स्वतः तिथले कर्मचारी असाल, तर लेखाला हात लावू नका. हवा तो बदल संदर्भासकट चर्चा पानावर मांडा आणि दुसऱ्या कुणाला तरी करू द्या.