ऐतिहासिक नाटकाचा अंगरखा शिवताना: इटलीच्या शिलाईघरांकडून घेण्यासारखे

रोममध्ये उंबेर्तो तिरेल्ली यांनी १९६४ साली सुरू केलेल्या शिलाईघरातून चित्रपट, नाटक आणि ऑपेरासाठी असंख्य पोशाख बाहेर पडले. वेशभूषाकार पिएरो तोसी यांना २०१३ मध्ये मानद ऑस्कर मिळाले, गॅब्रिएला पेस्कुच्ची यांनाही ऑस्कर मिळाले. मात्र कागदावरचे त्यांचे चित्र कापडात उतरवणाऱ्या, टाका-टाका हाताने घालणाऱ्या स्त्रियांची नावे त्या गौरवात कुठे दिसत नाहीत. राज्य नाट्य स्पर्धेसाठी ऐतिहासिक नाटक बसवणाऱ्या नागपुरातील हौशी संस्थांनी आणि त्यांच्यासाठी शिवणाऱ्या ताईंनी या स्त्रियांच्या कामाची रीत समजून घेतली, तर भाड्याच्या चकचकीत पोशाखांवाचून चांगले निभावते.

प्रथम नमुना शोधावा. तिरेल्ली खरे जुने कपडे जमवत आणि त्यांची बेतणी पाहूनच नवे कपडे शिवून घेत. कोणाच्या ट्रंकेत आजोबा-पणजोबांचा अंगरखा असेल, तर तो न उसवता जमिनीवर पसरावा, कागदावर आकार उतरवून घ्यावा, आणि कळ्या कुठे जोडल्या आहेत व बगलेत चौकोनी तुकडा कसा बसवला आहे, हे नीट टिपून ठेवावे. हा तुकडा वगळला की नट हात वर करताच सगळा अंगरखा कमरेपासून वर ओढला जातो.

त्यानंतर गांधीबागेच्या कापडबाजारातून मांजरपाट आणावे, रात्रभर भिजवून वाळवावे आणि संपूर्ण पोशाख आधी त्यातच कच्च्या टाक्यांनी उभा करावा. महाग कापडाला कात्री लावण्यापूर्वी अशी साध्या कापडातली प्रत अंगावर चढवून पाहणे, हा पोशाख शिवणाऱ्या कोणत्याही जाणत्या शिलाईघराचा शिरस्ता आहे. आपल्याकडे वेळ नाही म्हणून नेमकी हीच पायरी गाळली जाते, आणि मग खरा वेळ उसवण्यात जातो. माप घेताना नटाला ताठ उभे करून भागत नाही. त्याला वाकून मुजरा करायला, मांडी घालून बसायला, तलवार उपसायला सांगावे, आणि ताण पडेल तिथे खडूने खूण करावी.

माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेले जास्तीचे कापड, सोडण्यात कंजुषी करू नये. मिलानच्या ला स्काला नाट्यगृहाचे पोशाख जुन्या अन्साल्दो कारखान्यातील कार्यशाळांमध्ये शिवले जातात. ऑपेराचा पोशाख पुढच्या प्रयोगात दुसऱ्या देहयष्टीच्या गायकाला बसवावा लागतो, म्हणून शिवणीत कापड राखून ठेवणे तिथे अटळ असते. घरच्या कुर्त्याला अर्धा इंच माया पुरते. रंगमंचाच्या अंगरख्याला दोन्ही बाजूंना किमान एक इंच, पाठीच्या मधल्या शिवणीत दोन इंच आणि खालच्या दुमडीत तीन इंच ठेवावी. बाजूच्या शिवणी मशीनवर माराव्यात, पण टीप फार बारीक ठेवू नये, म्हणजे उसवताना कापड फाटत नाही. दुमड मात्र हातानेच घालावी. मशीनची सरळ टीप प्रखर दिव्यात लांबूनही उठून दिसते, आणि अठराव्या शतकातला सरदार तेवढ्यापुरता आजचा होतो.

अस्तर सुतीच हवे. दिव्यांखाली घाम प्रचंड येतो, शिवाय जरीचे कापड रोज धुता येत नाही. म्हणून बगलेत सुती गाद्या कच्च्या टाक्यांनी लावाव्यात आणि प्रत्येक प्रयोगानंतर काढून धुवाव्यात. अंगरख्याचे बांधायचे बंद दिसायला बाहेर ठेवावेत, पण त्यांच्याखाली मोठी टिचबटणे लावावीत. दोन प्रवेशांमधल्या अंधारात बंदांच्या गाठी सुटत नाहीत.

रंगाची परीक्षा दुकानातील ट्यूबलाइटखाली करू नये. वसंतराव देशपांडे सभागृहात प्रयोग असेल, तर रंगीत तालमीआधी कापडाचा तुकडा दिव्यांखाली धरून मागच्या रांगेतून पाहावा.

शेवटी गळ्याच्या आत सुती पट्टी टाचून त्यावर न पुसल्या जाणाऱ्या शाईने नाटकाचे, पात्राचे, नटाचे आणि शिवणाऱ्या ताईंचे नाव लिहावे. इटालियन शिलाईघरांच्या पट्टीवर सामान्यतः संस्थेचे आणि नटाचे नाव असते. शिवणाऱ्या ताईंच्या नावाची भर आपण घालावी, आणि ते नाव स्पर्धेच्या माहितीपत्रकात वेशभूषाकाराच्या नावाखाली छापून घ्यावे. त्यासाठी नावांची यादी माहितीपत्रक छपाईला जाण्यापूर्वीच संस्थेच्या सचिवांकडे द्यावी लागते. उसवून पुन्हा शिवण्याची मजुरीही शिलाईत न धरता सुरुवातीलाच वेगळी ठरवावी, कारण नट ऐनवेळी बदलला तर ते काम नव्या शिलाईइतकेच वेळखाऊ होते.