दिवसाला सहा रुपये: टीव्हीची वाढीव वॉरंटी घ्यावी का, कसं ठरवायचं?

दसरा-दिवाळीच्या गर्दीत टीव्ही पसंत पडतो, बिल करायची वेळ येते आणि काउंटरवरचा मुलगा सहज म्हणतो, "सर, दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी टाकू ना? ४,४९९ फक्त. दिवसाला सहा रुपये, चहा पण येत नाही." हिशेब चुकीचा नाही. ४,४९९ भागिले ७३० दिवस, सहा रुपये आणि वर काही पैसे. टीव्ही ४० हजारांचा असेल तर हीच रक्कम किमतीच्या सव्वाअकरा टक्के होते. ते मात्र तो सांगत नाही.

तर पहिलं काम म्हणजे तिथल्या तिथे हो म्हणायचं नाही. अनेक कंपन्या मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत स्वतःची वाढीव वॉरंटी विकतात. तुमच्या मॉडेलला ती सोय आहे का, हे कस्टमर केअरला आधीच विचारून ठेवा. असेल तर विचार करायला हातात बरेच महिने आहेत.

घरी आल्यावर खोक्यातलं वॉरंटी कार्ड वाचा. साधारण एक वर्ष असतं, पण काही ठिकाणी पॅनलला, म्हणजे चित्र दिसतं त्या पडद्याला, वेगळं, जास्तीचं वर्ष दिलेलं असतं. मग दुकानातली 'दोन वर्षं' कुठून मोजायची ते विचारा: मूळ एक संपल्यावर पुढची दोन, की सगळी मिळून दोन? पॅनलचं जास्तीचं वर्ष कंपनीनेच दिलं असेल, तर त्या वर्षापुरते आपण आधीच मिळालेल्या गोष्टीचे पैसे भरतोय.

आता मुख्य हिशेब. टीव्हीत खरा महाग भाग एकच, पॅनल. बाकी पॉवर सप्लाय, मेन बोर्ड, बॅकलाइटच्या (पडद्यामागच्या दिव्यांच्या) पट्ट्या, स्पीकर यांचा खर्च सहसा त्याच्या मानाने कमी. मॉडेल नंबर सांगून सर्व्हिस सेंटरला विचारा, "पॅनल बदलायचं झालं तर किती?" समजा, २५ हजार म्हणाले. ४,५०० भागिले २५,००० म्हणजे १८ टक्के. नुसतं पॅनल धरलं, तर त्या दोन वर्षांत अशा शंभर टीव्हींतले अठरा पॅनल गेले तरच बरोबरी. तुमच्या घरात, शेजारी, नातेवाइकांत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कितींचे गेले, जरा आठवून बघा. मला तरी इतके आठवत नाहीत.

आणि "पॅनल गेलं" हे वाक्यही तपासून घ्यावं. आमचा टीव्ही तिसऱ्या वर्षी काळा पडला, आवाज मात्र चालू. बघायला आलेल्या माणसाने उभ्या उभ्या पॅनलचं नाव घेतलं. गल्लीतल्या मेकॅनिकने खोलीतला दिवा घालवला, मोबाइलचा टॉर्च तिरका स्क्रीनवर धरला आणि त्या उजेडात बातम्या देणारी बाई अंधुक दिसली! म्हणजे चित्र येत होतं, मागचा उजेड गेला होता. दिवाणावर चादर पसरून टीव्ही पालथा घातला, पट्ट्या बदलल्या, अडीच हजारांत काम झालं. (ही युक्ती एलईडी टीव्हीची. ओएलईडी या महागड्या प्रकारात पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, त्याला बॅकलाइट नसतोच.)

इतकं करूनही घ्यावीशी वाटली, तर नियमांची प्रत मागा आणि 'काय मिळणार नाही' तेच आधी वाचा. फुटलेला स्क्रीन, आत गेलेलं पाणी, पाल-झुरळांनी केलेला उद्योग, वीज पडून किंवा व्होल्टेज वाढून जळलेला बोर्ड हे बहुतेकदा बाहेर असतं. घरात बॅट-बॉल खेळणारं पोर आहे म्हणून वॉरंटी घेत असाल, तर तुम्हाला हवं ते अपघाती नुकसानीचं संरक्षण, ते वेगळं असतं. कोकणात विजांची भीती असेल तर प्लग आणि डिशची वायर काढून ठेवणं फुकटात होतं. भाग मिळाला नाही तर काय, हेही बघा: नवा टीव्ही, पैसे, की घसारा कापून त्याच दुकानाचं कूपन? शिवाय वॉरंटी नेमकी देतंय कोण, टीव्हीची कंपनी की तिसरीच कुणी? तालुक्याच्या गावी राहत असाल तर त्यांचा माणूस तिथपर्यंत येतो का?

माझा अंदाज विचाराल तर ३२ इंचीला नको, ४३ इंचीलाही शक्यतो नकोच. दीड लाखाचा मोठा ओएलईडी असेल, वॉरंटी कंपनीचीच असेल आणि किमतीच्या पाच-सात टक्क्यांत मिळत असेल, तर घ्यावी. फक्त ओएलईडीवर एकच चित्र राहून उमटणारा डाग त्यात धरलाय का, ते लेखी घ्या.

पैसे देण्याआधी बिलाची प्रत्येक ओळ वाचा. न विचारता टाकलेली वॉरंटी काढायला लावा. ऑनलाइन खरेदीत ग्राहकाच्या संमतीशिवाय कार्टमध्ये वस्तू घुसवायला केंद्राच्या २०२३ च्या नियमावलीने मनाई केली आहे. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणि घेतलीच, तर प्रमाणपत्रावरचा सिरियल नंबर टीव्हीच्या मागच्या नंबराशी जुळवा, आणि बिलाचा फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरची अक्षरं तिसऱ्या वर्षापर्यंत टिकतील याची खात्री नाही.