शिडाच्या नौकेवर मांजराचे पिल्लू घेताना

तुर्कस्तानच्या बंदरांत मांजरांची पिल्ले सहज भेटतात आणि नौकेवर राहणाऱ्यांना त्यांचा लळाही लवकर लागतो. परंतु समोरची ग्रीक बेटे युरोपीय संघात मोडत असल्याने पिल्लू घेण्यापूर्वीच कागदपत्रांचे वेळापत्रक आखावे. आधी मायक्रोचिप, वयाचे १२ आठवडे पूर्ण झाल्यावर रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी प्रतिपिंडांच्या तपासणीसाठी रक्ताचा नमुना आणि त्या दिवसापासून आणखी ३ महिन्यांची प्रतीक्षा, असा हा क्रम आहे. म्हणजे पिल्लू सुमारे सात महिन्यांचे होईपर्यंत त्याला घेऊन ग्रीसला जाता येत नाही. एवढे थांबणे शक्य नसेल, तर ग्रीसला पोहोचून तिथलेच पिल्लू घेणे अधिक योग्य.

पिल्लू कधीतरी पाण्यात पडणारच, असे धरून चालावे. मांजराला पोहता येते, मात्र नौकेच्या गुळगुळीत बाजूवर त्याची नखे रुतत नाहीत. म्हणून मागच्या बाजूला पाण्यापर्यंत पोहोचणारी जुन्या गालिच्याची पट्टी किंवा जाड दोर कायम बांधलेला असावा आणि नांगर टाकलेला असताना, शांत पाण्यात, त्यावरून वर चढण्याचा सराव पिल्लाला हळुवारपणे द्यावा. कठड्याला बारीक जाळी लावावी. नौका चालू असताना पिल्लू आतच ठेवावे. इंजिनाच्या कप्प्याचे दार मात्र नेहमी बंद असावे, कारण इथिलीन ग्लायकॉल असलेले कूलंट थोडेसे चाटले तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होतात.