क्लचचं काम झाल्यावर ट्रॅक्टर जोडताना: शेवटची दोन बोटं

ट्रॅक्टर मधून खोलायला फार अक्कल लागत नाही, जोडायला लागते. क्लच प्लेट बदलून झाली, दोन्हीकडची ऑइल सीलं पाहून झाली, फ्लायव्हील पुसून कोरडं केलं आणि आता पुढचं इंजिनाचं नि मागचं गिअरबॉक्सचं धड समोरासमोर उभं आहे, असं धरून चालतो. बॅटरीची तार काढली नसेल तर आधी ती काढा.

काम सिमेंटच्या कोब्यावरच करा. काळ्या मातीत, झाडाखाली हे काम काढणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. माती जरा ओली असली की जॅक हळूहळू खाली बसतो आणि माणूस दिवसभर लेवल शोधत राहतो. कोबा नसेल तर ट्रॉली जॅकच्या चाकांखाली लोखंडी चॅनल अंथरा.

पुढचा अ‍ॅक्सल मधल्या पिनवर डुलतो. मागचं धड सुटल्यावर इंजिनाला एका बाजूला कलंडण्यापासून अडवणारं काहीच उरत नाही. म्हणून अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंना बाभळीच्या पाचरी लागतात. त्या खोलतानाच ठोकल्या असतील, तरी पुन्हा एकदा हातोडा मारून बघा.

प्लेट बसवताना तिची बाजू उलटी होऊ देऊ नका आणि तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट आवळायच्या आधी मधून शाफ्ट घाला, म्हणजे प्लेट मध्यावर राहते. भंगारात त्याच मॉडेलचा जुना शाफ्ट मिळतो. नाहीतर लेथवाल्याकडून लाकडाचा उतरवून घ्या, पण डोळ्याच्या अंदाजाने प्लेट मध्यावर आणतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका. गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या दातांना ग्रीसचा नुसता हात फिरवा. थापलेलं ग्रीस प्लेटवर उडतं आणि नवी प्लेट पहिल्याच नांगरटीला घसरते. रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग, डिझेलमध्ये धुवायचा सल्ला तर कोण देतो तेच कळत नाही. त्यातलं ग्रीस कंपनीने आयुष्यभरासाठी भरलेलं असतं, ते धुऊन टाकल्यावर बेअरिंग किंचाळणारच.

आता खरं काम. इंजिनाच्या मागच्या बाजूला समोरासमोरच्या दोन भोकांत वीतभर लांबीचे स्टड हाताने फिरवून बसवा. जुन्या लांब बोल्टचं डोकं कापलं की स्टड तयार. मागच्या धडाच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, गिअरबॉक्सखाली एक जॅक द्या, इंजिनाखाली ट्रॉली जॅक. इंजिनाचं चेंबर, म्हणजे तळाचं ऑइलचं भांडं, पत्र्याचं असेल तर मध्ये जाड फळी घाला. स्टिअरिंग सरळ ठेवून पुढचं धड हळूहळू मागे ढकला. शाफ्ट आत शिरतो, स्टड भोकांतून जातात, सगळं सुरळीत चाललंय असं वाटतं, आणि दोन बोटं फट राहिली की गाडी थांबते.

माझा पहिला ट्रॅक्टर इथेच थांबला होता. मृग लागायला चार दिवस होते, शेजाऱ्याचं वखरणं कधीच आटोपलं होतं. मी बोल्ट लावले आणि पाना घेऊन ओढायला सुरुवात केली. फट मिटत आली तशी आतून ‘टक्’ आवाज आला. मला वाटलं, बसला. क्लच दाबून गिअर टाकला तर करकर. पुन्हा खोललं तेव्हा नव्या प्लेटचा मधला भाग वाकलेला आणि बेल हाउसिंगचा, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाचा, एक कान तडकलेला. बीड आहे ते, वाकत नाही, तुटतं. मला हात धरून शिकवणारा म्हातारा मिस्त्री तेवढं बघून म्हणाला, “जोर काहून लावून राहिला बे? लेवल पाय ना.”

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. फट हाताने मिटली पाहिजे. बोल्ट फक्त मिटलेली फट धरून ठेवायला असतात.

लेवल बघायची ती अशी. फटीत वर, खाली, डावीकडे, उजवीकडे स्केल घालून मोजा. खाली फट जास्त असेल तर ट्रॅक्टर मध्ये झोळ खातोय, दोन्ही जॅक थोडे थोडे चढवा. वर जास्त असेल तर दोन्ही उतरवा. मग स्टड बघा. स्टड भोकाच्या वरच्या कडेला घासत असेल तर इंजिन उंच आहे, खालच्या कडेला घासत असेल तर खाली. स्टड भोकात मोकळा खेळला पाहिजे. डाव्या-उजव्या फटीत फरक असेल तर पुढचं धड तिरकं आलंय. ते मागे घेऊन पुन्हा सरळ आणा, पहारीने रेटू नका.

चारही बाजूंना फट सारखी आहे आणि तरी अडलंय, तर शाफ्टच्या दातांना प्लेटचे दात मिळत नाहीत. गिअर टाका म्हणजे शाफ्ट जागेवर राहील. एकाने स्टार्टरच्या भोकातून रिंगच्या दातांना पेचकस लावून फ्लायव्हील एकेक दात सरकवायचं, दुसऱ्याने पुढून नुसता अंगाचा भार ठेवायचा. डबल क्लच असेल, म्हणजे गाडीचा आणि पीटीओचा (मागचं अवजार फिरवणाऱ्या शाफ्टचा) क्लच वेगळा असेल, तर दोन शाफ्ट एकात एक असतात आणि एकाचे दात मिळून दुसऱ्याचे अडू शकतात. तेव्हा पीटीओ लावून मागचा सहा दातांचा शाफ्ट तिसऱ्या माणसाने हाताने हलवायचा. मिळालं की गाडी आपोआप आत सरकते, आणि तो आवाज वेगळा असतो, भरीव. अगदी शेवटच्या सुतावर अडलं तर फ्लायव्हीलमधलं छोटं बेअरिंग किंवा दोन्ही धडं नेमकी जुळवणाऱ्या डॉवेल पिना बघा. भोकं जुळली का ते बोट घालून चाचपू नका, एक बोट कमी असलेला एक जण मला ठाऊक आहे.

अर्धवट शिरलेल्या अवस्थेत जॅक सोडू नका, जेवायलाही जाऊ नका. मे महिन्यात ऊन पंचेचाळीसला टेकतं, मिस्त्री सावली शोधतो, जॅक किंचित उतरतो आणि गिअरबॉक्सचा सगळा भार शाफ्टवरून प्लेटवर लटकतो. एकतर पूर्ण आत घाला, नाहीतर पूर्ण बाहेर काढा.

फट मिटली की बोल्ट समोरासमोरचे आवळत जा, स्टड शेवटी काढून तिथे बोल्ट टाका. पाइप, वायरिंग, डिझेल लाइन, स्टार्टर. डिझेल लाइनमधली हवा काढा. क्लच पेडलचा मोकळा खेळ गाडीच्या पुस्तकात दिलाय तेवढाच ठेवा. क्लच दाबून थोडं थांबून गिअर टाका, करकर नसेल तर झालं.

आणि पाचरी काढा. मी एकदा विसरलो होतो. धुऱ्यावर चढताना अ‍ॅक्सल डुललाच नाही, पुढचं एक चाक हातभर हवेत गेलं आणि मालक ओरडत खाली उडी मारून पळाला.