काउच पार्टी गेमवरची मते वाचताना आणि खेळताना या चुका टाळा : ‘ओव्हरकुक्ड’च्या निमित्ताने

एकाच पडद्यासमोर दोघा-चौघांनी बसून खेळायच्या लहान गेमबद्दल खेळाडूंची मते इतकी टोकाची का असतात, याचे उत्तर बहुतेक वेळा तो गेम कोणाबरोबर आणि कशावर खेळला गेला यात असते. एकटा खेळाडू, सुटीत जमलेली चार भावंडे, दाबलेल्या बटणाला उशिरा प्रतिसाद देणारा टीव्ही, अर्धवट ओळखला जाणारा कंट्रोलर, या प्रत्येकाच्या वाट्याला तोच गेम वेगळा येतो. खेळाडूंनी आचारी होऊन एकत्र स्वयंपाकघर चालवायचे आणि वेळेत पदार्थांच्या मागण्या पुऱ्या करायच्या, असा ‘ओव्हरकुक्ड’ हा व्हिडिओ गेम याचे चांगले उदाहरण आहे. फिल डंकन आणि ऑली डी-व्हाइन या दोघांच्या ‘घोस्ट टाऊन गेम्स’ने तो तयार केला, ‘टीम१७’ने ऑगस्ट २०१६ मध्ये प्रकाशित केला, आणि २०१७ मध्ये त्याला सर्वोत्तम ब्रिटिश गेम आणि सर्वोत्तम कौटुंबिक गेम अशी दोन बाफ्टा (ब्रिटिश अकादमीची) पारितोषिके मिळाली. तरीही त्याच्यावर नाराज झालेले खेळाडू आहेत, आणि त्यांच्या नाराजीची कारणे नीट पाहिली तर त्यातली बरीचशी टाळता येण्यासारखी आहेत.

मताची तारीख आणि गेमची आवृत्ती न पाहणे

‘ऑनलाइन खेळता येत नाही’ ही पहिल्या ‘ओव्हरकुक्ड’वरची सर्वांत ठळक तक्रार होती आणि ती खरी होती, कारण मूळ गेम एकाच खोलीतल्या खेळाडूंसाठी बनवलेला होता. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात ऑनलाइन खेळण्याची सोय झाली, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये नव्या कन्सोलांवर आलेल्या ‘ऑल यू कॅन ईट’ या एकत्रित आवृत्तीत पहिल्या भागातली स्वयंपाकघरेसुद्धा ऑनलाइन खेळता येऊ लागली. त्यामुळे २०१६ चे मत वाचून २०२० ची आवृत्ती नाकारणे, किंवा २०२० चे कौतुक वाचून सवलतीत मिळणारा मूळ गेम घेणे आणि मग दूरच्या भावंडाबरोबर खेळता येत नाही म्हणून चिडणे, या दोन्ही चुका एकाच जातीच्या आहेत.

मूळ गेमच हाताशी असेल, तर स्टीम या संगणकी गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या ‘रिमोट प्ले टुगेदर’ या सोयीचा उपयोग होतो. २०१९ पासून उपलब्ध असलेल्या या सोयीत गेम एकाच्याच संगणकावर चालतो, इतरांना चित्र दिसते आणि त्यांच्या कंट्रोलरचे दाब परत पाठवले जातात. गेम विकत घेतलेला असावा लागतो तो फक्त यजमानाने. या येण्याजाण्यात थोडा विलंब होतोच. कांदे चिरताना तो खपून जातो, पण ‘टॉवरफॉल’सारख्या गेममध्ये, जिथे समोरून येणारा बाण क्षणात चुकवायचा असतो, तिथे तो नकोसा होतो.

एकट्याने खेळून गेमचा निकाल देणे

‘एकट्याला कंटाळवाणा’ असे मत अनेक जण प्रामाणिकपणे लिहितात, आणि एकट्याने खेळणाऱ्या वाचकासाठी ते मोलाचे आहे. मात्र चौघांसाठी गेम शोधणाऱ्याने त्यावरून माघार घेऊ नये. एकट्या खेळाडूला येथे दोन आचारी आळीपाळीने चालवावे लागतात. पुष्कळांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की एका आचाऱ्याला चिरायला लावून दुसऱ्याकडे गेले तरी पहिल्याचे चिरणे चालूच राहते. हे न कळता जो एकेक काम संपण्याची वाट पाहत उभा राहतो, त्याला वेळ अपुरा वाटतो आणि गेम अन्यायी वाटतो.

सगळे मिळून एकच काम करणे

‘या गेममुळे घरात भांडणे होतात’ हे वाक्य कौतुक म्हणूनही लिहिले जाते आणि तक्रार म्हणूनही. भांडण नेमके कुठे सुरू होते ते पाहायला हवे. कांद्याच्या सूपची साधी मागणी घेतली, तरी तीन कांदे आणायचे, चिरायचे, भांड्यात घालायचे, शिजल्यावर ताटलीत ओतायचे, खिडकीवर नेऊन द्यायचे आणि परत आलेल्या खरकट्या ताटल्या धुवायच्या, एवढी कामे असतात. पहिल्या डावात चौघेही कांद्याकडे धावतात, अरुंद वाटेत एकमेकांना अडवतात, आणि मागे शेगडीवरचे भांडे करपून पेट घेते. आग शेजारच्या ओट्यांवर पसरते, अग्निशामक नळकांडे कोणालाच सापडत नाही, आणि दोष मात्र शेवटी भांड्याला हात लावणाऱ्यावर येतो.

यावर उपाय म्हणून कामे वाटून घेतली जातात आणि ते योग्यच आहे, परंतु वाटणी पक्की धरून बसणे ही पुढची चूक ठरते, कारण या गेमची स्वयंपाकघरे मुद्दामच स्थिर ठेवलेली नाहीत. एका ठिकाणी स्वयंपाकघर चालत्या ट्रकांवर विभागलेले असते आणि ट्रक वेगळे झाले की चिरणारा शेगडीपासून तुटतो. दुसरीकडे जहाज डोलते तसे ओटे सरकतात. बर्फावर तर पाऊलच ठरत नाही. अशा ठिकाणी कामाऐवजी जागा वाटून घ्यावी : ओट्याच्या या बाजूचे सगळे तुझे, त्या बाजूचे माझे. बोलण्याची पद्धतही बदलावी लागते. ‘अरे, दे ना लवकर’ या वाक्यातून समोरच्याला काहीच कळत नाही, तर ‘ताटली मधल्या ओट्यावर ठेवली आहे, सूप झाले आहे, उचल’ यातून सगळे कळते. शिजलेले भांडे रिकामे करायला वेळ नसेल, तर ते निदान शेगडीवरून उचलून बाजूला ठेवावे, म्हणजे करपत नाही. मागण्यांच्या रांगेत सर्वांत जुनी मागणी डावीकडे असते, आणि तिच्यावर लक्ष ठेवण्याचे काम एकाने उघडपणे स्वीकारलेले बरे.

लहान मुले किंवा कधीच कंट्रोलर हाती न घेतलेली वडीलधारी माणसे खेळणार असतील, तर ‘ऑल यू कॅन ईट’मधली साहाय्यक सोय सुरू करावी. तिच्यामुळे वेळ वाढवून मिळतो आणि अडलेले स्वयंपाकघर ओलांडून पुढेही जाता येते. अशी सोय वापरणे कमीपणाचे मानणारी मते वाचायला मिळतात, पण आजी जर दुसऱ्याच डावात कंट्रोलर खाली ठेवणार असेल, तर ज्यासाठी गेम आणला तेच राहून जाते.

कंट्रोलरचा दोष गेमच्या नावावर लिहिणे

‘दुसरा कंट्रोलर चालतच नाही’ ही तक्रार विंडोजवर बऱ्याचदा स्वस्त यूएसबी पॅडमुळे (म्हणजे तारेने जोडायच्या कंट्रोलरमुळे) उद्भवते. आजचे बहुतेक गेम ‘एक्सइनपुट’ या पद्धतीने पॅड ओळखतात, तर अनेक स्वस्त पॅड जुन्या ‘डायरेक्टइनपुट’ पद्धतीने बोलतात. लॉजिटेकच्या एफ३१०सारख्या पॅडवर ‘एक्स’ आणि ‘डी’ असा खटका असतो, तो ‘एक्स’वर न्यावा. असा खटका नसेल, तर स्टीमच्या सेटिंग्जमधील कंट्रोलर विभागात ‘स्टीम इनपुट’ ही पॅडचे दाब गेमला कळतील अशा रूपात पोहोचवणारी सोय सुरू करून पाहावी. याच्या उलट, एकाच दाबाला दोनदा प्रतिसाद मिळत असेल, तर गेम आणि स्टीम इनपुट दोघेही तोच पॅड वाचत असण्याची शक्यता असते, म्हणून त्या गेमपुरते स्टीम इनपुट बंद करावे.

कंट्रोलर कमी पडत असतील, तर ‘ओव्हरकुक्ड’मध्ये एकच कंट्रोलर दोघांनी डावी-उजवी बाजू वाटून वापरण्याची सोय आहे, केवळ पॅड नाही म्हणून तिसऱ्याला बाजूला बसवू नये. एकाच कीबोर्डवर दोघांनी खेळायचे गेम असतात, तेव्हा साधे कीबोर्ड एका वेळी दाबलेल्या ठरावीक कळाच ओळखतात आणि एखादी कळ गिळली जाते, हे लक्षात ठेवावे. टीव्हीवर खेळताना आचारी उशिरा हलत असेल, तर टीव्हीचा ‘गेम मोड’, म्हणजे चित्र दिसण्यातला उशीर कमी करणारी सेटिंग, आधी तपासावा.

फक्त एकूण शेरा पाहणे

स्टीमवर खेळाडू शिफारस आहे किंवा नाही, एवढेच सांगू शकतो. म्हणून ‘गेम सुंदर आहे, पण मित्र नाहीत’ म्हणणारा आणि ‘गेम सुरूच होत नाही’ म्हणणारा, दोघेही एकाच नापसंतीत मोजले जातात. नकारात्मक मते उघडून वाचावीत, आणि मत लिहिताना किती तास खेळले होते तो आकडाही पाहावा. काउच गेमच्या बाबतीत मात्र कमी तासांचे मत उथळच असते असे धरू नये, कारण असे गेम वर्षातून मोजक्या वेळी, लोक जमले की काढले जातात. किती जणांनी मिळून खेळले, हे ज्या मतात लिहिलेले असते ते माझ्या दृष्टीने सर्वांत उपयोगी, मग ते दोन ओळींचे का असेना.

एवढे करूनही शंका उरली, तर स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असल्यास पैसे परत मागता येतात. गेम नुसता उघडा असला तरी वेळ मोजला जातो, म्हणून पॅड जोडणे, टीव्हीची मांडणी आणि कोणाला कुठला कंट्रोलर हे सगळे गेम सुरू करण्याआधी उरकावे, आणि पहिला डाव सर्व जण जमल्यावरच लावावा.